काबरी आईलाच का चावली

"इतकं खायला-प्यायला घातलंत वहिनी, पण खाल्ल्या अन्नाला जागली नाही हो ती." शेजारच्या काकी आईच्या हाताकडे बघत असं म्हणाल्या आणि आईने काही न बोलता नुसती मान हलवली. ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात जे रुतून बसलंय ते निघता निघत नाही. काकींवर माझा राग नाही, त्या बिचाऱ्या डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन भर पावसातून हळदीची वाटी घेऊन धावत आल्या होत्या. पण आईने मान हलवली ना, ते मला लागलं. म्हणजे तिलाही तसंच वाटलं होतं, की आपण एवढं केलं आणि आपल्यालाच हे.

प्रसंग तसा एवढासाच. जुलैतली तिन्हीसांज, पाऊस धो धो, लाईट गेलेली. काबरी, आमची मांजर, पडवीच्या खिडकीत बसून गजांमधून बाहेर बघत होती. आई देवाला दिवा लावून मांजराची ताटली उचलायला पडवीत आली आणि जाता जाता तिने काबरीच्या पाठीवरून पार शेपटीच्या मुळापर्यंत हात फिरवला, रोज फिरवते तसाच. काबरी किंचाळली, म्याँव वगैरे नाही, किंचाळलीच, आणि वळून आईच्या हाताला मिठी मारून दात रुतवले, वर मागच्या पायांनी मनगट ओरबाडत राहिली, सुटेचना. बाबांनी पाय पुसायचं ओलं गोणपाट उचलून तिच्यावर टाकलं तेव्हा कुठे तिने हात सोडला आणि अर्ध्या दारावरून उडी मारून अंधारात गेली. मी आतून मोबाईलचा टॉर्च घेऊन धावत आले तर आई हात पुढे धरून तशीच उभी, रक्त ठिपकत होतं, आणि ती म्हणत होती, "अगं माझाच हात ना, माझाच हात."

रक्तापेक्षा ते ऐकून माझ्या पोटात कालवलं.

काकींची हळद आम्ही लावली नाही. नळाखाली धरून साबणाने हात पंधरा मिनिटं धुतला, घड्याळ बघून, कारण रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि ते साध्या साबणाने तुटतं, चुना-मिरची-हळदीने जखम चिघळायचीच शक्यता जास्त. मग हेल्थ सेंटर. रक्त आलंय म्हणजे तिसऱ्या, सगळ्यात गंभीर वर्गातली जखम, म्हणून लसीबरोबर जखमेच्या आत आणि आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, ते फार दुखतं, आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं उमटली. लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दोन्ही दंडांत, कातडीमध्ये. धनुर्वाताचं वेगळं. आणि वर अँटिबायोटिक, ते कशाला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, हात मनगटापासून टम्म सुजलेला, लाल, गरम, बोटं मिटेनात. कुत्र्याचा दात मांस फाडतो पण मांजराचा दात बारीक, तो सरळ खोल जातो, वरचं भोक लगेच मिटतं आणि मांजराच्या तोंडातले जंतू (पाश्चुरेला नावाचा एक तर बहुतेक मांजरांच्या तोंडात असतोच) आत सांध्यापाशी जाऊन बसतात. बाहेरून दोन ठिपके आणि आत सगळं पेटलेलं. हे एवढ्या तपशिलात लिहितेय कारण आपल्याकडे 'मांजरच चावलं ना' म्हणून लोक घरी बसतात, तसं कृपा करून करू नका.

गोव्यात रेबीजची भीती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही हे खरं आहे. मिशन रेबीज या संस्थेची माणसं वर्षानुवर्षं गावागावात फिरून कुत्र्यांना लस देतात, जाळी घेऊन येणारी पोरं आणि लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावरचा रंगाचा पट्टा आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत आहे, आणि २०२१ मध्ये तर सरकारने जाहीर केलं की तीन वर्षांत राज्यात माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नाही. मांजरांमध्ये वेगळा असा पसरणारा रेबीज नसतो, आपल्याकडे तो बहुतेक कुत्र्याकडूनच त्यांच्यापर्यंत येतो, त्यामुळे कुत्र्यांना लस दिली की मांजरंही वाचतात. तरीही डॉक्टर म्हणाले की लस पूर्ण करायची म्हणजे करायचीच, आणि विचारलं, "मांजर दिसतंय का अजून? दहा दिवस नजरेसमोर ठेवा." चावताना लाळेत विषाणू असेल तर कुत्रं किंवा मांजर तेवढ्या दिवसांत आजारी पडून मरतंच, दहा दिवस धडधाकट राहिलं तर त्या चाव्यातून रेबीजची भीती नाही, असा हिशेब आहे.

इकडे वाड्यावर सगळ्यांचं एकच, तिला गोणीत घाला आणि फोंड्याच्या मासळी मार्केटात सोडून या, तिथे जगेल खाऊन. सोडून दिली असती तर दहा दिवस कोणाकडे बघायचं होतं? हे मी सगळ्यांना समजावून सांगत होते, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. ड्रेसिंग बदलताना आईचा तो सुजलेला हात बघितला की मला काबरीचा भयंकर राग यायचा, असा राग की ती दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावरून, म्हणजे आवाराच्या दगडी भिंतीवरून, चालत आली आणि काही झालंच नाही अशा थाटात ताटलीपाशी बसली तेव्हा माझ्या हातात झाडू होता आणि तो खाली ठेवायला मला वेळ लागला. आई आतून म्हणाली, "आली का गं?" तिच्या आवाजात राग नव्हता, बरं वाटल्यासारखा होता तो आवाज, त्याचाही मला राग आला.

आमच्या प्रियोळच्या घरात मांजर नाही असा काळ मला आठवत नाही. पण आजीच्या वेळचं मांजर वेगळं होतं, म्हणजे मांजर तेच, आमचं त्याच्याशी असलेलं नातं वेगळं. तेव्हा आत भाताची कणगी असायची, माळ्यावर नारळ, आणि उंदरांसाठी मांजर. आजी मागच्या दारी विळीवर बांगडे साफ करायला बसली की तीन-चार मांजरं हाताच्या अंतरावर गोल करून बसायची, ती डोकी आणि आतडी फेकायची, एकेक मांजर आपला तुकडा तोंडात धरून गुरगुरत कोपरा गाठायचं. त्या गुरगुरण्याला कोणी वाईट मानत नव्हतं, खाताना मांजराच्या जवळ जायचं नाही हे आम्हा पोरांना पाठच होतं. आजीने कधी मांजराला मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही. आणि मांजराला काठी उगारलेली तर तिला मुळीच खपायची नाही, मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं म्हणायची. ना लाड ना मार. त्या घरात कोणाला मांजर चावल्याचं मी ऐकलेलं नाही आणि त्यामागे मांजरांचा स्वभाव नव्हता, ते अंतर होतं असं आता वाटतं.

काबरी मात्र आईची. ती अशाच एका पावसाळ्यात अर्धवट वाढलेली आली, काळा-पांढरा-तांबूस असे तीन रंग, म्हणजे मादीच असणार, तीन रंगांचा बोका हजारोंत एखादाच. आई तिला लांबून दूधभात ठेवायची, मग थोडं जवळून, मग शेजारी बसून, असं करत करत कित्येक महिन्यांनी तिने पहिल्यांदा पाठीला हात लावू दिला. फक्त आईला. मी गेले की ती अजूनही दोन पावलं मागे. मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागायचा काळ फार लहान असतो, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत, त्यात माणसाचा हात, वास, आवाज नेहमीचे झाले तर झाले, नाहीतर पुढे ते मांजर माणसाला सहन करायला शिकतं, एखाद्यावर विश्वासही टाकतं, पण त्याच्या अंगातली सावधगिरी जात नाही. काबरीचे ते आठवडे कुठे गेले कोण जाणे. आईने जे मिळवलं होतं ते त्याच्यानंतर मिळवलेलं होतं, म्हणूनच तर तिला त्याचं एवढं होतं.

तर ते दहा दिवस. मी सुट्टी वाढवून घेतली आणि लॅपटॉप घेऊन पडवीतच बसायला लागले. आधी नुसतं ती आहे ना, खाते ना, पाणी पिते ना, लाळ गळत नाही ना एवढंच बघायचं होतं. पण दिवसभर कोणाकडे बघत राहिलं की हळूहळू बाकीचंही दिसायला लागतं. एका दुपारी पाऊस उघडला होता, काबरी खिडकीत पेंगत होती, आणि एकदम तिचं सगळं अंग बदललं. आधी कान, ते पुढून बाजूला वळले आणि मग मागे आडवे झाले. मग डोळे, हिरव्याचा नुसता कडा उरला, बाकी सगळं काळं. मग पाठीवरच्या कातडीतून एक शिरशिरी गेली, पाणी थरथरावं तशी, आणि शेपटीचं फक्त टोक आपटायला लागलं. आवाज एक नाही. मी तिच्या नजरेच्या रेषेत बघितलं तर गडग्यावर बोका. मोठं थोरलं डोकं, जबड्याच्या दोन्ही बाजूंना थुलथुलीत गाल, एक कान फाटलेला. त्याने तुळशीच्या पेडीपाशी मागे वळून शेपटी थरथरवत मुताची पिचकारी मारली आणि निवांत भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, उतरून गेला. एवढ्यात सगळं संपलं असं मला वाटलं.

संपलं नव्हतं. बोका गेला तरी काबरी तशीच बसून होती. डोळे तसेच काळे. तासाभराने बाबा तिच्या बाजूने छत्री घेऊन गेले तर तिने फिस्स केलं, ज्या बाबांच्या पायांत ती रोज असते त्यांच्यावर. मी मग याबद्दल जे मिळेल ते वाचून काढलं. मांजर एकदा असं पेटलं की लगेच शांत होत नाही, काही तास जातात, कधी कधी दिवसही, आणि ज्याच्यामुळे पेटलं तो हाताशी नसेल तर जे पहिलं जवळ येईल, हलेल, शिवेल त्याच्यावर ते सगळं निघतं. दुसरं मांजर असो, माणूस असो. खिडकीचे गज मध्ये, बाहेर बोका, आत ती, ना जाऊन भिडता येत ना पळता येत, आणि मागून एक हात येतो. तो हात कोणाचा हे बघायला त्या क्षणी तिच्याकडे जागाच नसते. अशा वेळी मांजराला उचलायचं नाही, समजूत काढायची नाही, ओरडायचं तर नाहीच, अंधार आणि शांतता असलेल्या कोपऱ्यात जाऊ द्यायचं, वाट मोकळी ठेवायची आणि आपण लांब व्हायचं. आणि चावलंच तर हात ओढायचा नाही, ओढला की दात आणखी फाडतात. बाबांना ते गोणपाट कसं सुचलं माहीत नाही पण तेच बरोबर होतं.

हा बोका आमच्याकडे आधी नव्हता. माझा अंदाज असा की मासेमारी बंदीचा यात हात आहे, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, मार्केटात मासळी कमी आणि महाग, घराघरांत पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवून ठेवलेले, सुके बांगडे आणि सुंगटं (कोळंबी) निघतात, आणि मागच्या दारी पडणारी डोकी-आतडी जवळजवळ थांबतात. आपल्याला तो दोन महिन्यांचा चवीतला बदल. पण त्या आतड्यांवर ज्यांचं पोट आहे ती मांजरं मग लांब लांब फिरायला लागतात, एकमेकांच्या हद्दीत शिरतात. या दिवसांत रात्री कौलांवरची भांडणं वाढतात हे मला लहानपणापासून ऐकून माहीत आहे, फक्त कशामुळे असा विचार कधी केला नव्हता.

मला वाटलं, चला, कारण सापडलं. आईलाही सांगितलं, तिला जरा बरं वाटलं. आणि मग दोन दिवसांनी काबरी चालताना मागचा भाग जरा तिरका टाकतेय असं दिसलं, आणि पडवीत एक कुबट घाण वास यायला लागला. शेपटीच्या मुळाशी केस ओले, चिकटलेले. फोंड्यातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना व्हिडिओ पाठवला, ते म्हणाले गळू फुटलंय, दुसऱ्या मांजराने चावलं असणार. म्हणजे आईच्या हाताला जे झालं तेच तिच्या पाठीला, दात आत, वरची कातडी मिटलेली, आत पू. फक्त तिला कोणी अँटिबायोटिक दिलं नव्हतं. असं गळू चावल्यापासून काही दिवसांत आत भरतं, वर केसांमुळे दिसत नाही, आणि मांजर दुखणं लपवतं, कण्हत नाही, लंगडलंच तर थोडं. म्हणजे त्या संध्याकाळी आईचा हात फिरत फिरत शेपटीच्या मुळाशी पोचला तेव्हा तिथे आधीच ठणका लागलेला असू शकतो.

मग बोक्यामुळे चावली की ठणक्यामुळे? आईला हे नक्की हवं होतं. तिने डॉक्टरांना फोनवर स्वतः विचारलं. ते म्हणाले, "दोन्ही असेल की. दुखत असलं की घाबरायला वेळ लागत नाही." आईने फोन ठेवला आणि बराच वेळ हाताच्या बँडेजचं टोक कुरतडत बसली. मग म्हणाली, "म्हणजे दोन-तीन दिवस तिला दुखत होतं आणि मी हात फिरवत होते?" मी म्हटलं, आई, तुला कसं कळणार, तिने कळू दिलं नाही. तिला ते पटलं असं वाटलं नाही.

मला मात्र त्या दिवशी काकींच्या वाक्याला उत्तर मिळालं. काबरी आईलाच का चावली, तर शेपटीच्या मुळापर्यंत पोचेल असा हात या जगात फक्त आईचाच होता. मला ती दोन पावलं लांब ठेवते, बाबांच्या पायांत असते पण हात लावू देत नाही, काकींना तर बघूनच पळते. आम्ही तिघंही त्या संध्याकाळी सुरक्षित होतो, कारण आम्ही तिचे कोणी नव्हतो. यात अन्नाला जागणं न जागणं कुठे येतं? दूधभाताच्या बदल्यात तिने काही कबूल केलंय असं आपण धरून चालतो, तिच्याकडून तसं काही ठरलेलं नाही. तिने जे दिलं ते वेगळंच होतं, तिने पाठ दिली होती, जी ती कोणालाच देत नाही, आणि नेमकी तीच दुखरी होती.

हे सगळं मी आईला सांगितलं, जरा घाईघाईत, सांगताना माझाच गळा दाटून आला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ते सगळं खरं गं. पण मला आता भीती वाटते तिची." यावर माझ्याकडे काही नव्हतं. कारण कळलं म्हणून हाताची भीती जात नाही. अजूनही काबरीने जवळून उडी मारली की आई हात पदरात घेते, आणि मग लगेच काबरीकडे असं बघते की तिला वाईट वाटलं की काय. म्हार्दोळच्या देवळात कोणी बँडेजबद्दल विचारलं तर ती विळी लागली म्हणून सांगायची, मांजराचं नाव घेतलं नाही तिने. लाज वाटत होती की काबरीला सांभाळून घेत होती ते मी विचारलं नाही.

दहा दिवस गेले, ते गळू सोडलं तर काबरी ठणठणीत, आईची लसही वेळापत्रकाप्रमाणे झाली, बोटं हळूहळू मिटायला लागली. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका गटाकडून पिंजरा आणून आम्ही काबरीला डॉक्टरांकडे नेली, जखम साफ झाली, औषध मासळीत घालून दिलं, मग बरी झाल्यावर पुन्हा नेऊन नसबंदी आणि रेबीजची लस. आता तिच्या एका कानाचं टोक कापलेलं आहे, ऑपरेशन झाल्याची खूण. आई तिची ताटली ठेवते आणि मागे सरून पायरीवर बसते. खिडकीतल्या गजांना खालून अर्ध्यापर्यंत बाबांनी पत्रा मारलाय म्हणजे बाहेरचा गडगा दिसायला नको. काबरी कधी कधी येऊन आईच्या पायाला डोकं घासते, आई तेव्हा गालापाशी बोट लावते, पाठीवर हात नेत नाही, आणि शेपटीचं टोक हललं की बोटही काढून घेते.

राहिला बोका. त्याला कोणी खायला घालत नाही, त्याचं कोणी नाही, सगळे त्याला दगड मारतात, आणि तो जोवर असा आहे तोवर काबरी काय, वाड्यावरच्या कुठल्याच मांजराला स्वस्थता नाही. ऑपरेशन केलं की बहुतेक बोक्यांचं फिरणं, भांडणं, पिचकाऱ्या काही आठवड्यांत कमी होतात. तो काकींच्या न्हाणीमागून येतो हे आम्ही बघून ठेवलंय. काकींना विचारलं, पिंजरा तुमच्याकडे ठेवू का? त्या आधी नाही म्हणाल्या, मग संध्याकाळी परत आल्या. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर तो रोज मुतून जातो म्हणाल्या, ठेवा पिंजरा, पण आतली मासळी तुम्ही आणायची. ऑगस्ट लागला आहे, ट्रॉलर परत समुद्रात गेले, तारले मासे स्वस्त झालेत. या शनिवारी लावतोय.